चषक-चर्चा: एका पिंपाची व्हिस्की

द्राक्षांच्या आणि वाइनच्या या नाशकातून सिंगल माल्टबद्दल (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेली व्हिस्की), त्यातही स्वतंत्र बॉटलरांच्या बाटल्यांबद्दल, या वेळी बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेले कापले आहेत. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण असावी लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. पुढचं सगळं हे धरूनच वाचावं.

मुलानं लंडनहून एक बाटली आणली. लेबलवर नाव कल ईला डिस्टिलरीचं, पण बाटली भलत्याच कंपनीची. 12 वर्षं, 57.1 टक्के, हॉग्जहेड, एकूण 271 बाटल्या. हा बनावट माल तर नाही? (कॉलेज रोड)

नाही. स्कॉटलंडमध्ये हा व्यवहार जुना आहे. डिस्टिलरी दारू गाळते, ती पिंपात भरते आणि काही पिंपं व्यापाऱ्यांना विकते. व्यापारी ती स्वतःच्या नाहीतर भाड्याच्या गोदामात मुरवतो आणि आपल्या लेबलनं बाटलीत भरतो. हाच स्वतंत्र बॉटलर. एल्गिन गावची गॉर्डन अँड मॅकफेल 1895 पासूनची. केडनहेड 1842 मध्ये अ‍ॅबर्डीनला सुरू झाली, आता तिचं ठाणं कॅम्पबेलटाउनला आहे. सिग्नेटरी त्या मानानं तरुण, 1988 ची. 2002 पासून एड्रडाउर ही छोटी डिस्टिलरीही तिच्याच मालकीची आहे. कल ईला, लिंकवुड, बेनरिनेस अशा डिस्टिलऱ्यांचा बहुतेक माल ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्रणात जातो, म्हणून त्यांची पिंपं बाजारात जास्त फिरतात आणि स्वतंत्र बॉटलरांच्या यादीत हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात.

तुमच्या लेबलवरचा हिशेब मात्र करून पाहा, तो करण्यासारखा आहे. हॉग्जहेड म्हणजे साधारण 250 लिटरचं पिंप. स्कॉटलंडच्या हवेत वर्षाला दोनेक टक्के माल उडून जातो. बारा वर्षांनी उरतात 196 लिटरच्या आसपास. 271 बाटल्या गुणिले 700 मिली म्हणजे 190 लिटर. जुळलं. पिंपागणिक फरक पडतोच, त्यामुळे वीस-पंचवीस बाटल्या इकडेतिकडे झाल्या तर काही नाही. पण लेबलवर एकच हॉग्जहेड, पिंपाच्या मूळ ताकदीची (पाणी न घातलेली) दारू आणि बाटल्या 600 असं असेल, तर एकाहून जास्त पिंपं एकत्र केलेली आहेत किंवा पिंपाचं नाव तरी चुकलंय. उलट फक्त 90 बाटल्या दिसल्या तर ते पिंप बहुधा दोन-तीन गिऱ्हाइकांत वाटलं गेलंय. 46 टक्क्यांपर्यंत पाणी घालून भरलेली असेल तर त्याच पिंपातून साडेतीनशे बाटल्याही निघतात, त्यामुळे आकडा वाचताना टक्केवारी शेजारी ठेवा.

आणखी दोन खुणा. नोव्हेंबर 2012 पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. त्यानंतरच्या बाटलीवर दुसऱ्या देशात भरल्याचं लिहिलं असेल तर ती सिंगल माल्ट स्कॉच नव्हे. आणि वय पूर्ण झालेल्या वर्षांचंच लिहितात. नोव्हेंबर 2008 मध्ये गाळलेली, ऑक्टोबर 2020 मध्ये भरलेली व्हिस्की 12 नाही, 11 वर्षांची.

त्याच बॉटलरची, त्याच डिस्टिलरीची, तेवढ्याच वयाची दुसरी बाटली मागवली. चव पार वेगळी. फसवणूक झाली का? (त्रिमूर्ती चौक)

पिंपाचा क्रमांक बघा, तो वेगळा असणार. डिस्टिलरी स्वतःची 12 वर्षांची बाटली काढते तेव्हा भरपूर पिंपं एकत्र करून दरवर्षी चव तीच राहील असं पाहते. एका पिंपाच्या बाटलीवर असं कुठलंच बंधन नाही. शेजारी-शेजारी ठेवलेली, एकाच दिवशी भरलेली दोन पिंपंही वेगळी निघतात, कारण एकाचं लाकूड दुसऱ्यांदा वापरलेलं असतं आणि दुसऱ्याचं चौथ्यांदा. त्यामुळे "अमुक बॉटलर चांगला" या म्हणण्याला आमच्या लेखी फारसा अर्थ नाही. चांगलं असतं ते पिंप. आवडलेल्या बाटलीचा क्रमांक लिहून ठेवा, गाळल्याचं आणि भरल्याचं वर्षही. नुसतं नाव लक्षात ठेवून पुन्हा मागवायला गेलात तर असंच होणार.

तुलना करायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. डिस्टिलरी एक, वय जवळपास एक, पिंपं वेगळी: एक बर्बनचं (आधी अमेरिकन व्हिस्की मुरवलेलं), एक शेरीचं (आधी स्पेनची शेरी वाइन मुरवलेलं), एक अनेकदा वापरलेलं. नाहीतर पिंप एकाच प्रकारचं आणि डिस्टिलऱ्या वेगळ्या. बहुतेक बैठकांत होतं काय, की आयला बेटाची धुरकट बर्बन पिंपातली आणि स्पेसाइड भागातली गोडसर शेरीतली अशा दोन बाटल्या समोर येतात. मग "मला ही आवडली" यापलीकडे गाडी जात नाही, कारण फरक धुराचा, लाकडाचा की गाळण्याच्या पद्धतीचा हे सांगायला जागाच उरत नाही. पहिल्या बैठकीसाठी आमची शिफारस: डिस्टिलरीची स्वतःची कल ईला 12, जी 43 टक्क्यांवर येते, आणि तिच्या बाजूला तेवढ्याच वयाच्या स्वतंत्र बॉटलरांच्या दोन कल ईला. तीन पुरेत.

आम्ही चौघे. चार बाटल्या: 43, 46, 54.8 आणि 58.6 टक्के. सुरुवात कुठून, किती ओतायची, पाणी किती? मागच्या वेळी शेवटच्या दोन बाटल्या सगळ्यांना सारख्याच लागल्या. (इंदिरानगर)

सारख्या लागल्या कारण तोपर्यंत जिभा बधिर झाल्या होत्या. 58 टक्क्यांची दारू नीट घेतली की पुढच्या घोटात चवीपेक्षा चटकाच जास्त कळतो.

माणशी प्रत्येकी 15 मिली ओता. मोजूनच, अंदाजपंचे ओतलेला पेला पाण्याचा सगळा हिशेब बिघडवतो. चारही पेले एकदम भरून रांगेत ठेवा, प्रत्येकावर बशी किंवा चहाचा कोस्टर झाका आणि पंधरा मिनिटं थांबा. (वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट थांबायचं असा एक नियम लोक छातीठोकपणे सांगतात. तीस वर्षांच्या व्हिस्कीपुढे अर्धा तास हात बांधून बसायचं असेल तर बसा.) आधी चारही पेल्यांचा नुसता वास घ्या, पाणी न घालता, कमी टक्क्यांकडून जास्तीकडे. धुरकट असेल ती सगळ्यात शेवटी, मग तिचे टक्के काहीही असोत. वास लिहून काढा. मगच पाणी.

चव एकमेकांशी ताडून बघायची तर चारही पेले एकाच ताकदीला आणावे लागतात आणि ती ताकद सगळ्यात सौम्य बाटलीची, म्हणजे तुमच्याकडे 43. सूत्र सोपं आहे: असलेले टक्के भागिले हवे असलेले टक्के, त्यातून एक वजा, गुणिले ओतलेले मिली. 15 मिलीसाठी 46 च्या पेल्यात 1 मिली पाणी, 54.8 मध्ये 4.1 आणि 58.6 मध्ये 5.4 मिली. पाणी आणि अल्कोहोल मिसळल्यावर घनफळ किंचित आक्रसतं, त्यामुळे काही दशांश टक्क्यांची चूक राहते. जिभेला ती कळत नाही. मेडिकलमधून सुईशिवायची 5 मिलीची सिरिंज आणा. तिनं फक्त पाणी मोजा, दारू तिच्यात ओढू नका, दट्ट्याच्या रबराचा वास लागतो. पाणी घातल्यावर परत पाचेक मिनिटं झाकून ठेवा.

पाणी कुठलं? नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो आणि तो माल्टच्या नाजूक वासांवर सरळ बसतो. घरच्या आरओचं किंवा बाटलीबंद पाणी चालतं, मात्र खोलीच्या तापमानाचं. बर्फ नको. थंडीनं वास दबतात, आणि वितळताना तो किती पाणी घालतोय यावर तुमचा ताबा राहत नाही.

खोली 20 ते 22 अंशांच्या आसपास असावी. नाशिकच्या हिवाळ्यात हे आपसूक जमतं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या स्लॅबखाली बसलात तर पेल्यातून आधी अल्कोहोलच उसळतं आणि चांगली व्हिस्की रॉकेलसारखी वाटते. एसी लावा, पंखा बंद करा, कारण पंख्याच्या झोतात पेल्यावरचा वास टिकत नाही. उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, डिओ, हाताला सुवासिक साबण, सगळं वर्ज्य.

खाण्याचं सांगितलं की नाशिककर रागावतात, पण बैठकीच्या आधी दोन-तीन तास मिसळ नको. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडात आग पेटवून ठेवतं, त्यावर 50 टक्क्यांचा घोट गेला की फक्त आगच मोठी होते. कच्चा कांदा आणि लसूण तर वासाचा कारभारच ताब्यात घेतात. चखणाही बैठक संपल्यावर. मध्ये तोंड साफ करायला साधी पोळी, बिनमिठाची भाकरी किंवा पावाचा तुकडा आणि कोमट पाणी.

पहिला घोट अर्ध्या चमच्याहून कमी घ्या आणि त्यावर मत देऊ नका. तो फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. दुसरा घोट जिभेवर दहा-पंधरा सेकंद फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. धूर, मसाला आणि लाकूड तिथे, परतीच्या श्वासात, सगळ्यात स्पष्ट कळतात. वाइनरीत टेस्टिंगला जाता तसं थुंकायचं भांडं ठेवायला लाजू नका. हे चार नमुने पूर्ण प्यायलात तर माणशी 30 मिली शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. दुकानातल्या 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा स्मॉल (30 मिली) धरला तर हे जवळपास अडीच स्मॉल झाले. गाडी चालवण्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, तेव्हा घरी जायला रिक्षा.

वाइनसारखा पेला फिरवून नाक आत घालतो. फक्त झणझणतं, वास काहीच येत नाही. (गंगापूर रोड)

वाइन 12-13 टक्क्यांची, ही तिच्या चौपट. पेला फिरवल्यानं अल्कोहोलच आधी वर येतं. फिरवू नका, एकदा तिरका करून काच ओली करा, बस्स. पेला हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हळूहळू वर आणा. जिथे पहिल्यांदा झणझणेल तिथून बोटभर खाली थांबा. दोन्ही नाकपुड्या आलटून-पालटून वापरा, त्या क्वचितच सारख्या मोकळ्या असतात. पेला खाली फुगीर, वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न (व्हिस्कीसाठीचा तसा खास पेला) नसेल तर वाइन टेस्टिंगचा छोटा पेला चालतो. रुंद तोंडाचा जाड बुडाचा ग्लास सोड्यासाठी ठेवा.

जानेवारीत पाणी घातल्यावर व्हिस्की दुधाळ झाली. दुसऱ्या एका बाटलीच्या तळाशी काळे कण आहेत. दोन्ही परत करू का? (देवळाली कॅम्प)

दोन्ही ठेवा. व्हिस्कीत फॅटी अ‍ॅसिडचे काही एस्टर असतात. जास्त अल्कोहोलमध्ये ते विरघळलेले राहतात, पाणी वाढलं किंवा तापमान उतरलं की सुटे होतात आणि दुधाळपणा येतो. गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून मोठ्या कंपन्या दारू शून्य अंशाच्या आसपास गार करून गाळतात, त्यात हे एस्टर निघून जातात. बहुतेक स्वतंत्र बॉटलर तसं गाळत नाहीत, कारण तोंडात जो तेलकट, भरीव स्पर्श जाणवतो त्यात याच घटकांचा वाटा असतो. 46 टक्के आणि वर दुधाळपणा सहसा येत नाही. म्हणूनच न गाळलेल्या इतक्या बाटल्यांवर 46 हा आकडा दिसतो. पेला तळहातात धरून ऊब द्या, पुष्कळसा निवळेल.

काळे कण पिंपाच्या आतल्या कोळशाचे. बर्बनची पिंपं आतून जाळलेली असतात. कण तळाशी बसू द्या आणि सावकाश ओता. फारच असतील तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून. फडक्यातून गाळू नका, साबणाचा वास उतरतो.

काळजी कधी करायची? पाणी न घालता, खोलीच्या तापमानाला, 50 च्या वरची बाटली गढूळ दिसली तर. किंवा सील आणि पातळी यांत गडबड असेल तर.

शेरी पिंपातली बाटली. उघडली तर काडेपेटीचा आणि उकडलेल्या अंड्याचा वास. बिघडली का? (पंचवटी)

हा गंधक. तो दोन वाटांनी येतो आणि वाट कोणती हे आधी ओळखायला हवं.

पहिली वाट पिंपाची. रिकामं पिंप किडू नये, त्यात बुरशी धरू नये म्हणून आत गंधक जाळण्याची जुनी रीत आहे. ते पिंप नीट धुतलं गेलं नाही तर विझलेल्या काडीचा, फटाक्याच्या दारूचा वास व्हिस्कीत उतरतो. दुसरी वाट गाळण्याची. दारूची वाफ तांब्याला जितकी घासते तितकी गंधकी संयुगं तांबं पकडून ठेवतं. मॉर्टलाक, बेनरिनेस, क्रेगेलकी इथे वाफ थंड करायला अजून जुनी पद्धत आहे: पाण्याच्या टाकीत बुडवलेलं लांबलचक वेटोळं. त्यात वाफेला तांब्याचा सहवास कमी मिळतो आणि माल जड, मांसाच्या रश्श्यासारखा येतो. तिथे हा दोष नाही, ती त्या डिस्टिलरीची ओळख आहे. पसंत-नापसंत तुमची.

चाचणी घरात होते. तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा घ्या, जुन्या नाशकात भांडी बाजाराकडे सहज मिळेल. वार्निश नसलेला हवा. चिंचेनं घासून लख्ख करा, धुवा, पुसा. 10 मिली व्हिस्की दोन पेल्यांत सारखी ओता, एकात तार टाका, दोन्ही झाका. दहा मिनिटांनी वास घ्या. अंड्याचा, सडक्या कोबीचा वास तार टाकलेल्या पेल्यात कमी झाला असेल तर ते तांब्यानं धरता येणारं गंधक होतं. जळक्या काडीचा वास मात्र बहुधा तसाच राहील. तार टाकलेला पेला पिऊ नका, फेकून द्या. बाटलीत तार सोडणं हा तर शुद्ध वेडेपणा.

एक उपाय फुकटचा आहे. बाटली उघडून एक पेला काढून घ्या, बूच लावा आणि तीन-चार आठवडे थांबा. हलका गंधक हवेनं उतरतो. तरी राहिला तर ते पिंपच तसं.

गडद रंगाची व्हिस्की जास्त जुनी ना? (सातपूर)

नाही. पहिल्यांदाच वापरलेल्या शेरी पिंपात दहा वर्षांत चहासारखा रंग येतो, चार वेळा वापरलेल्या पिंपात पंचवीस वर्षांनीही गवती चहाच्या पाण्याइतकाच. शिवाय स्कॉचच्या नियमात पाण्याबरोबर साधं कॅरॅमल घालायला मुभा आहे. डिस्टिलऱ्यांच्या कित्येक बाटल्यांत ते असतं, एका पिंपाच्या बाटल्यांत सहसा नाही. रंग मताला फार लवकर वळवतो. पेल्याला बाहेरून कागद गुंडाळून वास घ्या, मग बोला.

इंग्रजी टिपणांत हेदर, गॉर्स, टॉफी अ‍ॅपल असले शब्द असतात. आम्ही ते कधी हुंगलेलेच नाहीत. मग लिहायचं काय? (नाशिक रोड)

जे हुंगलंय ते लिहा. वासाचा शब्द आठवणीतून येतो आणि आपल्या आठवणी आपल्या स्वयंपाकघरातल्या आहेत. मागे रसायन एकच असतं, नाव प्रांतागणिक बदलतं.

अमेरिकन ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाचे घटक असतात, त्यांचा वास ओल्या खोबऱ्याचा. लाकडातलं लिग्निन जळून सुटतं तेव्हा व्हॅनिलिन तयार होतं: बासुंदी, व्हॅनिला, कधी खव्याकडे झुकणारं. किण्वनात बनणाऱ्या एस्टरांतला एक थेट पिकल्या केळ्याचा असतो, दुसरा सफरचंदाचा. हिरव्या, गवताळ लिंकवुडमध्ये कुणाला पेरू सापडला तर त्याला हसू नका. युरोपियन ओकच्या शेरी पिंपात युजेनॉल येतं, म्हणजे सरळ लवंग. सोबत मनुका, काळा खजूर, काकवी, डिंकाच्या लाडवातला जायफळ-गुळाचा संगम. मनुका आणि बेदाणा यांतला फरक नाशिककरांना कुणी शिकवायला नको: शेरीत मुरलेली जड माल्ट काळ्या मनुकेकडे जाते, हलकी बेदाण्याकडे.

धुराचं तर आपल्याकडे भांडारच आहे. आयलाच्या माल्टमधला धूर पीट (दलदलीतली जळाऊ माती) जाळून बार्ली वाळवताना बसतो, त्यातली रसायनं म्हणजे फिनॉलं. पण "धुरकट" हा एकच शब्द लिहून थांबू नका. चुलीचा ओला धूर, हुरड्याच्या आगटीचा गोडसर धूर, भरतासाठी भाजलेल्या वांग्याची साल आणि विझत्या राखेचा कोरडा वास हे चार वेगळे आहेत. दवाखान्याचा, टिंक्चर आयोडिनचा वास आला तर लाफ्रॉइग डिस्टिलरीकडे संशय न्या. खारवलेल्या सुक्या बोंबलाची आठवण झाली तरी बेधडक लिहा. क्लायनलिश डिस्टिलरीच्या माल्टमध्ये बऱ्याचदा मेणबत्तीचा गुळगुळीतपणा लागतो, तो चवीपेक्षा स्पर्श जास्त.

टिपण तीन ओळींत ठेवा: वास, चव, गिळल्यावर काय उरलं आणि किती वेळ. शंभरपैकी गुण देऊ नका. 86 आणि 87 मधला फरक कुणालाही पुन्हा दाखवता येत नाही. आणि रिकामे पेले रात्री धुऊ नका. सकाळी त्यांचा वास घ्या; अल्कोहोल उडालेलं असतं, लाकूड आणि धूर उघडे पडतात. आदल्या रात्री शेरी वाटलेली बाटली सकाळी निव्वळ ओल्या लाकडाची निघते, असं पुष्कळदा होतं.

अर्धी बाटली किती दिवस टिकते? वाइनप्रमाणे आडवी ठेवलीय. (सिडको)

आजच उभी करा. वाइनचं बूच ओलं राहावं म्हणून ती आडवी ठेवतात. इथे 50-60 टक्क्यांचं अल्कोहोल बूच कुरतडतं, त्याचा वास उतरतो आणि पुढे ते उघडताना मोडतं. उभी बाटली महिन्यातून एकदा क्षणभर तिरकी करून बूच ओलं केलं की पुरे. उजेडापासून आणि वरच्या मजल्यावरच्या तापत्या भिंतीपासून लांब ठेवा. उन्हाळ्यात बाटलीतली हवा फुगते आणि बूच हळूहळू वर सरकतं, एप्रिल-मेमध्ये एक नजर टाकत जा.

अर्ध्याच्या वर असेल तर वर्षभर फारसा फरक पडत नाही. एक तृतीयांशाच्या खाली गेली की हवा जास्त, दारू कमी. धूर आणि फळांचे वरचे वास आधी जातात. तेव्हा संपवा नाहीतर छोट्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा. होमिओपॅथीच्या दुकानात 30 आणि 60 मिलीच्या नव्या काचेच्या बाटल्या मिळतात. साध्या स्क्रूच्या झाकणाच्या घ्या, ड्रॉपरच्या नको. त्याचं रबर दोन आठवड्यांत चव बिघडवतं. उकळत्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा आणि लेबल लगेच लावा. उद्या लावू म्हटलं की चार अनोळखी बाटल्या तयार.

लेबलवर डिस्टिलरीचं नावच नाही. "ऑर्कनी", "सीक्रेट स्पेसाइड", "विल्यमसन" असंच काही. काय समजायचं? (म्हसरूळ)

काही डिस्टिलऱ्या पिंप विकतात पण नाव वापरू देत नाहीत. मग प्रांताचं किंवा टोपणनाव येतं. ऑर्कनी म्हटलं की बहुतेक वेळा हायलँड पार्क. विल्यमसन हे नाव लाफ्रॉइग चालवणाऱ्या बेसी विल्यमसन यांच्यावरून. स्टॉइशा म्हणजे बुनाहाव्हनची धुरकट माल्ट. सीक्रेट स्पेसाइडवर पैज लावू नका, तिथे डिस्टिलऱ्यांची दाटी आहे. नाव वाचवण्याची आणखी एक युक्ती म्हणजे पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर माल्ट टाकणं. तेवढ्यानं ती कायद्यानं सिंगल माल्ट राहत नाही, ब्लेंडेड माल्ट होते. बर्नसाइड म्हणजे बाल्वेनीत ग्लेनफिडिकचा चमचा, वॉर्डहेड म्हणजे त्याच्या उलट. चव बदलत नाही, विकणाऱ्याचं तोंड बंद होतं इतकंच. एडिंबरोची स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी 1983 पासून डिस्टिलऱ्यांना आकडेच देते: 29 लाफ्रॉइग, 33 आर्डबेग, 53 कल ईला, टिंबानंतरचा आकडा पिंपाचा.

दुबईहून येताना तीन बाटल्या चालतील ना? (ओझर)

करमुक्त मर्यादा माणशी 2 लिटर. 700 मिलीच्या तीन म्हणजे 2.1 लिटर, शंभर मिलीनं हुकलात. दोन आणा. सामानात टाकणार असाल तर 70 टक्क्यांच्या वरची बाटली विमानात चालत नाही. पिंपाच्या ताकदीची व्हिस्की सहसा त्याच्या खालीच असते.

दोन लिटरचं शोभेचं ओक पिंप मिळालंय. त्यात माल्ट आणखी मुरवू का? (मखमलाबाद)

200 लिटरच्या पिंपाच्या तुलनेत यात लिटरमागे लाकडाचा स्पर्श साडेचार पटींहून जास्त होतो. काही आठवड्यांतच करवतीच्या भुशाचं पाणी होतं. त्यातून नाशिकची कोरडी उन्हाळी हवा, माल झपाट्यानं उडतो. एका पिंपाची महागडी दारू त्यात घालणं म्हणजे तयार लोणच्यात पुन्हा मीठ. पिंप शोकेसमध्येच बरं दिसेल.

बायको म्हणते, तुम्हाला काही कळत नाही, सगळं लेबल वाचून बोलता. खरं कसं तपासायचं? (काठे गल्ली)

वहिनींनाच परीक्षक करा. तीन सारखे पेले, तळाशी चिठ्ठी. दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी 10 मिली, दोन्ही आधीच एकाच ताकदीला आणलेल्या, पेल्यांना कागद गुंडाळलेला. ओतताना तुम्ही खोलीबाहेर. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानंही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून एका फेरीवर उड्या मारू नका. पाच फेऱ्या करा, पण एका संध्याकाळी दोनच, बहुतेक काम नाकानं आणि घोट थुंकून. प्रत्येक फेरीत पेल्यांचा क्रम बदला आणि कधी पहिली व्हिस्की दोनदा, कधी दुसरी. पाचांपैकी चार बरोबर आल्या तर निव्वळ नशिबानं तसं घडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, म्हणजे फरक तुम्हाला खरोखर कळतोय. तीन आल्या तर वहिनींचं म्हणणं अजून उभं आहे. सुरुवात धुरकट विरुद्ध बिनधुराची अशी करू नका, तिथे कुणीही पास होतं. एकाच डिस्टिलरीची, एकाच वयाची, दोन पिंपांची जोडी घ्या.